आईचं मत

मुख्याध्यापक वानखडे सरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मूकबधिरांच्या शाळेत दार लावून बोलायची तशी गरज नसते, पण बाहेर शिपाई बसला होता आणि त्याला ऐकू येत होतं.

"उद्याच्या सभेत दुभाषी तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

"दुसरं कोण आहे, सर?"

"दादासाहेब आपल्या संस्थेचे अध्यक्ष आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या कायम नेमणुकीचा कागद त्यांच्या टेबलावर आहे, हेही नको. बोलायच्या भरात ते कधी कधी इकडचं तिकडचं बोलून जातात. ते सगळंच हातानं करून दाखवलं पाहिजे असं नाही. समजून घ्या."

मी समजले, असं म्हटलं आणि वर्गावर परत गेले. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं होतं आणि ते शांतपणे व्हायचं होतं.

दुसरं कोण आहे, हे मी उर्मटपणे म्हटलं नव्हतं. वरूडखेडसारख्या गावात खुणांची भाषा नीट येणारी आणि शिवाय ऐकू येणारी मी एकटीच होते. शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांना वर्गापुरत्या खुणा यायच्या, 'बसा', 'लिहा', 'पाणी पिऊन या' इतपत. मोठी माणसं आपसात भराभर बोलायला लागली की त्यांची दमछाक व्हायची. माझे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. मी तोंडानं बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकले, असं आजी सांगायची. वडील मी दहावीत असताना गेले. आई घरी शिलाई करायची आणि गावच्या मूकबधिर मंडळाची अध्यक्ष होती. तिचं नाव यमुना टाले. ती हातांनी बोलायची, पण मी इथे 'आई म्हणाली' असंच लिहिणार आहे, कारण ती म्हणायचीच, आणि फार स्पष्ट म्हणायची.

त्या वर्षी नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडून द्यायचा होता. तोवर आमच्याकडे नगरसेवक आपसात बसून कुणाला तरी त्या खुर्चीवर बसवायचे, मतदाराला कुणी विचारत नसे. आता नगरसेवकासाठी वेगळं मत आणि नगराध्यक्षासाठी वेगळं. उमेदवार पाच-सहा असले तरी लढत दोघांतच होती.

एक दिनकरराव काळमेघ, म्हणजे आमचे दादासाहेब. आजोबांनी काढलेली कापसाची जिनिंग फॅक्टरी, वडील एकेकाळी नगराध्यक्ष, स्वतःच्या दोन शाळा, एक कॉलेज, आणि आमची मूकबधिर शाळा. मोठ्या मिशा आणि त्याहून मोठा आवाज. बहिऱ्या माणसांना आवाजाचं काही नव्हतं, त्यामुळे त्यांच्या भाषेत दादासाहेबांचं नाव म्हणजे मिशीला पीळ देणं. दुसरे रमाकांत भुयार. एसटीत कंडक्टर होते, मग कामगार संघटनेचे सेक्रेटरी झाले, मग दोनदा नगरसेवक. पत्र्याच्या घरात वाढलेला, सगळ्यांशी हात जोडून बोलणारा माणूस. त्यांचं नाव म्हणजे अंगठा आणि बोट जुळवून तिकिटाला भोक पाडायची खूण.

दोघांचे ऑटो दिवसभर भोंगे लावून गावात फिरायचे. आमच्या लोकांना फक्त झेंड्यांचे रंग दिसायचे आणि फोटोतले दात. एका दुपारी आई शिलाई मशीन थांबवून मला म्हणाली, "दरवेळी कोणीतरी येतो, पेढा देतो, बोटानं निशाणी दाखवतो आणि जातो. या वेळी दोघांनाही बोलवायचं. एकाच दिवशी, एकाच जागी. दोघांना सारखेच प्रश्न विचारायचे आणि मग बघायचं."

"ते येतील?"

"एक आला की दुसरा येतो," आई म्हणाली.

तसंच झालं. भुयार पहिल्या निरोपातच तयार झाले, आणि ते येताहेत कळल्यावर दादासाहेबांनी शाळेचा हॉल देऊ केला.

सभेच्या आधीच्या रविवारी मंडळाची माणसं आमच्या अंगणात जमली. मी चहा करत होते आणि दारातून बघत होते. दोन्ही उमेदवारांची अशी चिरफाड मी कुठल्या वर्तमानपत्रात वाचली नव्हती. नत्थू खंडारे दादासाहेबांच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो म्हणाला, मिशीवाल्यानं फॅक्टरीत चार बहिरे ठेवलेत, यंत्राच्या गोंगाटाचा यांना काय त्रास, असं म्हणून लोक हसतात, पण मजुरी मात्र इतरांइतकीच देतो, एक पैसा कमी नाही. पांडुरंगकाका म्हणाले, ते ठीक, पण तिकीटवाल्याच्या गाडीत आपण बसलो की आपला थांबा आल्यावर तो खांद्याला हात लावून उठवायचा. इतर कंडक्टर नुसते ओरडायचे आणि आपण पुढच्या गावाला जाऊन पोचायचो. यावर कुणीतरी म्हणालं, खांद्याला हात लावला, खरं आहे, पण नगरसेवक झाल्यावर मंडळाला खोली देतो म्हणाला होता, ती कुठे आहे? मग मिशीवाल्याच्या बापाच्या काळातल्या गोष्टी निघाल्या, तिकीटवाल्याच्या नव्या मोटरसायकलची गोष्ट निघाली. हात इतके वेगात चालले होते की मला कपबशा ठेवायला जागा मिळेना.

आईनं शेवटी सगळ्यांना थांबवलं. कोण कुठून आला ते आपल्याला माहीत आहे, आता कुठे नेणार ते विचारायचं, असं ती म्हणाली. तीन प्रश्न ठरले. एक, नगरपालिकेची कचऱ्याची गाडी घंटा वाजवत येते, ती आम्हाला ऐकू येत नाही, कचरा घरात सडतो. दोन, नळाला पाणी कधी येणार ते भोंग्यावर सांगतात, त्याचं काय करायचं? तीन, नव्या बाजारात ओटे बांधलेत, त्यातले काही आमच्या शिलाई करणाऱ्या बायकांना मिळतील का?

माझं मत तेव्हाच ठरलं होतं. मला भुयार आवडायचे. लहानपणी मीही त्यांच्या गाडीत बसले होते. आणि दादासाहेबांच्या टेबलावर माझा कागद सहा वर्षं पडून होता.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. आजूबाजूच्या खेड्यांतूनही बहिरी माणसं आली होती. मी स्टेजच्या कडेला, उजेडात उभी राहिले, म्हणजे सगळ्यांना माझे हात दिसतील. चिठ्ठी टाकली तेव्हा भुयारांचं नाव आधी निघालं.

ते फार छान बोलले. मी तुमच्यातलाच एक आहे, गरिबी म्हणजे काय ते मी पाहिलंय, तुम्ही देवाची लेकरं, तुमच्या मौनात जी प्रार्थना आहे ती आमच्या शब्दांत नाही, असं बरंच काही. बोलता बोलता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. मीही भारावले. माझे हात मोठे मोठे होत गेले, मी चेहऱ्यानंही त्यांचे शब्द रंगवायला लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आईनं हात वर केला.

"तो बोलला तेवढंच सांग," ती मला म्हणाली. "तू साखर घालते आहेस."

मी ओशाळले आणि हात आवरले. मग आईनं प्रश्न विचारले. कचऱ्याच्या गाडीचं काय करणार, यावर भुयार म्हणाले, ती काय मोठी गोष्ट आहे, होऊन जाईल. पाण्याचं? तेही होईल. ओटे? माझ्या बहिणींना ओटे नाही द्यायचे तर कुणाला द्यायचे, तुमच्यासाठी मी जीव देईन. आईनं विचारलं, किती ओटे आणि कधी? भुयार हसले, तुमचा आशीर्वाद असू द्या म्हणाले आणि पुन्हा हात जोडले. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. बहिऱ्यांच्या टाळ्या तशा असतात. भुयारांना दुसऱ्या वॉर्डात सभा होती, ते सर्वांना नमस्कार करत निघून गेले.

दादासाहेब भुयारांच्या भाषणाच्या मध्येच येऊन बसले होते. ते बोलायला उठले ते थेट शाळेच्या विषयावर आले. ही इमारत कोणी बांधली, पंखे कोणी दिले, गणवेशाला कापड कोणी दिलं. हे सगळं खरं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. लोक कंटाळले. आईनं हात वर करून पहिला प्रश्न विचारला, मी तो तोंडानं सांगितला. कचऱ्याची गाडी घंटा वाजवते, आम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही काय करणार?

दादासाहेबांनी माईक बाजूला केला आणि शेजारी बसलेल्या वानखडे सरांकडे वाकून म्हणाले, "याइले काय समजते, सर? पेढे वाटा, फोटू काढा, झालं. मतदानाच्या दिवशी ऑटो पाठवला का येतात मेंढरावानी."

सर कसनुसं हसले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला स्वच्छ ऐकू आलं.

माझे हात थांबले.

मी काही फार शूर मुलगी नव्हते. कागद माझ्या डोळ्यांसमोर आला, आईची शिलाई आली, तिचे डोळे आता अधू व्हायला लागले होते ते आठवलं. हे भाषण नव्हतं, माईकवर नव्हतं, माझ्यासाठीही नव्हतं. सोडून दिलं असतं तर कुणी मला दोष दिला नसता. पण बहिऱ्या माणसाला एक गोष्ट फार चांगली दिसते, ती म्हणजे हलणारे ओठ. सगळ्या हॉलनं दादासाहेबांचे ओठ हललेले पाहिले होते आणि माझे हात थांबलेलेही पाहिले होते. पुढच्या रांगेत आई बसली होती. तिनं खूण केली नाही, भुवई उचलली नाही. नुसती बघत राहिली.

मी सांगितलं. पेढे, फोटो, ऑटो, मेंढरं. मेंढरांची खूण करायला फार वेळ लागत नाही.

हॉलमधले सगळे हात खाली गेले. इतकी शांतता मी त्या लोकांत कधी पाहिली नव्हती. त्यांची शांतता म्हणजे आवाज नसणं नव्हे, हात न हलणं.

"मॅडम, काय सांगितलं तुम्ही?" वानखडे सर उठून उभे राहिले.

"जे बोलले ते," मी म्हटलं, आणि आमचं हे दोन वाक्यांचं बोलणंही हातांनी सांगितलं.

दादासाहेबांचा चेहरा तांबडा झाला. "हिले बाजूले करा," ते म्हणाले. मी तेही सांगितलं. मागच्या रांगेत नत्थू मोठ्यानं हसला. त्याचं हसणं त्याला स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ते नेहमीच फार मोठं असे. दादासाहेब उठले, खुर्ची मागे सरकली, त्यांचा ड्रायव्हर दाराकडे धावला.

तेव्हा आई उभी राहिली. ती बोलायला लागली आणि मी तिचे शब्द तोंडानं म्हणायला लागले. दुभाष्यानं 'ती म्हणते' असं म्हणायचं नसतं, 'मी' म्हणूनच बोलायचं असतं. त्यामुळे हॉलमध्ये माझाच आवाज उमटला.

"दादासाहेब, मेंढरांचे तीन प्रश्न आहेत. तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाही. बसा."

ते तसेच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून आईकडे बघितलं. त्यांनी आईकडे नीट बघितलं असं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं. त्यांनी शाळेत तिचा दोनदा शाल देऊन सत्कार केला होता, पण तेव्हा ते कॅमेऱ्याकडे बघत होते.

ते बसले. माईक ओढून घेतला.

"बाई, तोंडातून गेलं," ते म्हणाले. "गेलं नाही असं म्हनत नाही. विचारा तुमचे प्रश्न."

माफी म्हणून एवढंच. मग आईनं एकेक प्रश्न पुन्हा विचारला आणि दादासाहेबांनी, बाजारात कापसाचा भाव ठरवायला बसावं तशी, उत्तरं दिली. गाडीवर फिरता पिवळा दिवा लावता येतो, माझ्या जिनिंगच्या गाडीवर आहे, नगरपालिकेच्या गाड्यांवर लावायला वेळ लागणार नाही. आई म्हणाली, दिवसा दिवा दिसत नाही. ते म्हणाले, मग तुमच्या घरांवर खूण करा, गाडीवरचा माणूस दार वाजवेल, नाही, दार वाजवून काय उपयोग, आत येऊन सांगेल, तसं त्याला लेखी देतो. पाण्याचं म्हणाल तर प्रत्येक वॉर्डात फळा लावू, पण फळ्यावर रोज लिहायला माणूस लागेल, तो तुमच्यातलाच घ्या, त्याची रोजी नगरपालिका देईल.

"आणि ओटे?" आईनं विचारलं.

"ओटे नाही."

मी ते सांगितलं. लोक चुळबुळले.

"ओट्याचा लिलाव होते," दादासाहेब म्हणाले. "नियम सोडून तुमाले देले, तर उद्या दुसरा कोर्टात जाईन आन् तुमच्या मशिनी रस्त्यावर येतीन. मी नाही देऊ शकत."

"भुयार देतो म्हणाले."

"मग कुठून देतो, ते त्यालेच विचारा."

सभा संपली. या वेळी हात वर करून कुणी हलवले नाहीत. दादासाहेबांनी आणलेल्या पेढ्यांच्या टोपल्या दाराशी तशाच राहिल्या. वानखडे सर माझ्याकडे न बघता ऑफिसात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं तेव्हा दार लोटलं नाही. तुमची तात्पुरती नेमणूक या महिन्याअखेर संपते आहे, पुढे वाढवून मिळणार नाही, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. "मी तुम्हाला सांगितलं होतं," असंही म्हणाले. सांगितलं होतंच. मी वर्गात जाऊन मुलांना वजाबाकी शिकवली. घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पिठाचा डबा काढून भाकरी करायला बसली. त्या रात्री ती नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त करून मला वाढत होती, एवढंच.

दोन दिवसांनी भुयारांची माणसं घरी आली. त्यांना सभेत काय झालं ते कळलं होतं. एक पत्रक काढायचं होतं आणि मी त्यांच्या मोठ्या सभेत येऊन सगळं सांगावं अशी त्यांची इच्छा होती. मॅडम, तुमची नोकरी गेली, अन्याय झाला, तुम्ही बोलला तर गाव पेटून उठेल, असं ते म्हणाले. भुयारसाहेब आले की तुमचं काम करून देतील, हेही म्हणाले. मला जायचं होतं. माझ्या मनात भाषण तयारसुद्धा झालं होतं.

मी आईला सगळं सांगितलं. ती माणसं समोर बसली होती, चहाचे कप हातात धरून.

"नाही," आई म्हणाली.

"का नाही? माझी नोकरी गेली आहे."

"तुझ्या नोकरीचं तुला जे बोलायचं ते बोल. मेंढरं तो आम्हाला म्हणाला. त्याचं काय करायचं ते आम्ही ठरवू."

मी फार चिडले. पण गेले नाही. त्यांनी पत्रक काढलंच. 'मूकबधिर बांधवांचा घोर अपमान' असं वर ठळक अक्षरात, खाली भुयारांचा हात जोडलेला फोटो. ऑटोवरचे भोंगे चार दिवस तेच ओरडत फिरले. आमच्या गल्लीतूनही फिरले. ऐकू येणारी सगळी माणसं हळहळली. आई घराच्या ओट्यावर बसून काजं करत होती, समोरून ऑटो गेला तेव्हा तिनं झेंड्याचा रंग बघितला आणि पुन्हा सुईत दोरा ओवला.

मधल्या दिवसांत मंडळाची माणसं पुन्हा अंगणात जमली. मी त्या दिवशी आत बसून राहिले, चहाही दिला नाही. खिडकीतून हात दिसायचे. भांडण चाललं होतं. नत्थू एकीकडे, पांडुरंगकाका दुसरीकडे. उठताना त्यांचं एकमत झालेलं नव्हतं, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं.

मतदानाच्या सकाळी दोन्ही पक्षांचे ऑटो दारात आले. आईनं दोन्ही परत पाठवले. आम्ही चालत गेलो. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. रांगेत तिच्या पुढे-मागे आमची बरीच माणसं होती. मी मत देऊन बाहेर आले तेव्हा माझं मन हलकं झालं होतं. शाळा गेली, कागद गेला, पण या एका बटणानं मी दादासाहेबांना उत्तर दिलं होतं.

परतताना बाजार ओलांडून आम्ही शांत रस्त्याला लागलो. रस्त्यानं चालताना आईशी बोलायचं तर जरा पुढे होऊन, तिरकं चालावं लागतं. मी तशी चालत होते.

"काय वाटतं, पडेल का मिशीवाला?" मी विचारलं.

"नको पडायला," आई म्हणाली. "मी त्याला मत दिलं आहे."

मी थांबले. एक सायकलवाला मला चुकवून गेला.

"कुणाला?"

तिनं मिशीला पीळ दिला.

मला काय वाटलं ते आता नीट सांगता येत नाही. रस्त्यात उभं राहून मी तिला जे काही बोलले ते मोठ्या हातांनी बोलले, येणारीजाणारी माणसं बघत होती. तो तुम्हाला मेंढरं म्हणाला. ते तुम्हाला कळावं म्हणून मी नोकरी घालवली. तुला काहीच वाटलं नाही?

"वाटलं," आई म्हणाली. "रात्री झोप आली नाही. माणूस चांगला नाही तो. पण मी माणूस घरी आणत नव्हते, नगरपालिकेत पाठवत होते. त्यानं दोन गोष्टी देतो म्हणून सांगितलं, कशा ते सांगितलं. एक देत नाही म्हणून सांगितलं, का ते सांगितलं. तिकीटवाल्यानं सगळं देतो म्हणून सांगितलं. मी दोन्ही बाजूला ठेवून बघितलं."

"मग मी ते सांगितलंच कशाला?"

"सांगितलंस म्हणून मला बघता आलं. लपवलं असतंस, तर माझं मत तू दिलं असतंस."

मी वळून चालायला लागले.

थोडं चालल्यावर तिनं माझ्या दंडाला स्पर्श केला. "तू कुणाला दिलं?"

मी तिकिटाला भोक पाडलं.

"का?"

तिनं खरंच विचारलं होतं. टोमणा नव्हता. नत्थूला, पांडुरंगकाकांना विचारायची तसंच, समोरच्याचं म्हणणं समजून घ्यायला. मी उत्तर द्यायला हात उचलले आणि मला काही सुचेना. दोघांचीही भाषणं मी शब्द न् शब्द लोकांना दिली होती. एकही प्रश्न, एकही उत्तर मी गाळलं नव्हतं. पण भुयार ओट्यांचं काय म्हणाले, पाण्याचं काय म्हणाले, हे मी एकदाही स्वतःसाठी ऐकलं नव्हतं. माझ्यापाशी फक्त लहानपणचा एक कंडक्टर होता आणि एक राग.

"मला तो चांगला वाटतो," मी शेवटी म्हटलं.

आईनं मान हलवली. "तेही कारण आहे," ती म्हणाली आणि चालायला लागली.

दादासाहेब निवडून आले, थोड्या मतांनी. माझी नोकरी परत मिळाली नाही, मी मागायला गेले नाही आणि आईनंही ती त्यांच्याकडे कधी मागितली नाही. सहा-आठ महिने हलाखीचे गेले. नंतर जिल्ह्याच्या गावी कोर्टात एका बहिऱ्या बाईची साक्ष होती, तिच्यासाठी कुणी दुभाषी मिळेना, म्हणून मला बोलावलं. तिथून दवाखाना, पोलीस ठाणं, पुन्हा कोर्ट, असं करत तेच माझं काम झालं. गेली वीस वर्षं मी तेच करते आहे. जज्जसाहेबांनी कधी विचारलं की सगळं सांगता ना, तर मी हो म्हणते.

कचऱ्याची गाडी दारात येऊन आत डोकावायला लागली, पण त्यासाठी आईला नगरपालिकेत कितीतरी फेऱ्या माराव्या लागल्या. दर फेरीला मी सोबत. फळे लागले, त्यावर लिहायला पांडुरंगकाकांच्या मुलीला घेतलं. वर्ष-दीड वर्ष चाललं, मग तिची रोजी थकली आणि फळे कोरे राहायला लागले. दादासाहेब म्हणाले, बघतो. आईनं दोनदा आठवण दिली. ते पुन्हा म्हणाले, बघतो.

पुढच्या निवडणुकीला ते परत उभे राहिले. समोर एक नवा उमेदवार होता. या वेळीही सभा झाली, या वेळीही मी दुभाषी होते, पण हात चालवता चालवता मी ऐकतही होते. मतदान करून आलो आणि जेवायला बसलो. आई म्हणाली, मी मिशीवाल्याला दिलं नाही. मी म्हटलं, मी दिलं.

तिनं विचारलं, का? मी सांगायला लागले. तिला पटेना. ती फळ्यांवर आली, मी नव्या माणसाच्या पाण्याच्या योजनेतल्या त्रुटींवर आले, ती म्हणाली, ती योजना तू अर्धीच ऐकलीस. वरण पार गार झालं. दोघींचे उजवे हात खरकटे होते आणि दोघीही त्याच हातांनी भांडत होतो.